मदत हवी आहे: घरच्या कमोदात देवभात मिसळलाय, बियाणं कसं राखू?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. डभोईजवळ सासरची थोडी भातजमीन आहे, इकडच्या भाषेत डांगराची क्यारी. सासऱ्यांच्या वेळेपासून तिथे कमोद हा सुवासिक भात लावतो, बियाणं दरवर्षी घरचंच. भात शिजला की खालच्या मजल्यावरचे वासाने ओळखतात.

गेल्या वर्षी कडेच्या खाचरात सात-आठ रोपं वेगळी दिसली. लोंबीला लांब तांबूस कुसळं, पिकण्याआधीच हात लागला की दाणे गळतात, तूस काढलं तर आत लाल. यंदा तशी रोपं सगळीकडे आहेत. शेजारच्या तलावडीच्या काठी देवभात, म्हणजे जंगली भात, आपोआप उगवतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून सासूबाई तोच आणायच्या (शेजारच्या गुजराती बायका सामा पाचमीला सामो करतात). संकर तिथूनच झाला असावा.

भात बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, परपरागण साधारण शंभरात एखादा दाणा किंवा त्याहूनही कमी, हे मला माहीत आहे. पण तूस आणि दाण्याची साल आईच्या रोपाची असते. म्हणजे संकराचा दाणा त्या वर्षी अगदी कमोदासारखाच दिसणार आणि भेसळ कळणार ती पुढच्या वर्षी, रोप वाढल्यावर. शिवाय गळलेले दाणे मातीत सुप्त राहतात. मग लोंब्या एकदा निवडून भागेल का? किती हंगाम करावं लागेल? प्रत्येक लोंबीची वेगळी ओळ लावायची का? छत्तीसगडात अशा तणाला करगा म्हणतात, तिथे जांभळ्या पानांचं वाण लावून त्यातली हिरवी रोपं उपटतात. मला मात्र कमोदच हवा आहे.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. आमचा कमोद मुळातच एकसारखा नाही. काही रोपं हळवी (लवकर पिकणारी), काही आठवडाभर उशिरा फुलणारी. पाऊस लवकर गेला त्या वर्षी हळव्यांनीच घर तारलं, असं सासरे सांगायचे. मी दहा देखण्या लोंब्या निवडल्या तर हे वैविध्य माझ्याच हातून जाईल. किती लोंब्या ठेवाव्यात?

एकांनी सल्ला दिला, तलावडीचा देवभात उपटा आणि बियाणं विकत आणा. मन घेत नाही. भाताचं रोप खुजं करणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूला तोंड देणारा गुण हजारो नमुने तपासल्यावर ओरायझा निवारा या जंगली भाताच्या उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात सापडला, आणि १९७६च्या आयआर ३६ वाणात तो उतरला. निवारा म्हणजे आपला नीवारच, देवभाताचं जुनं संस्कृत नाव. असं धन काठावर उभं असताना कसं उपटू?

नवागामच्या भात संशोधन केंद्रात कोणी घरचं बियाणं दाखवलं आहे का? २००१च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या वाणाची नोंद होते, तिथे अशी रोपं असलेलं बियाणं चालतं का?

कापणीला दोन आठवडे आहेत. लोंब्यांचे फोटो उद्या सकाळी इथेच टाकते.