डायलिसिस ठरवायचंय, पण बाबांना सगळं नीट उमगतंय का हे कसं ओळखू?

जेलरोडची लेक
नमस्कार. माझ्या वडिलांचं वय ७१. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्य गेलं, छापून आलेले ताव तपासायचं काम. एक रेघ पुसट असली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. साखर वीस वर्षांची, बीपीही तितकंच जुनं. आता रक्तातलं क्रिएटिनिन ४.६ आणि जीएफआर (किडनीची रक्त गाळायची ताकद) फक्त १३ आहे. डॉक्टर म्हणाले, डावा हात फिस्टुलासाठी (रक्ताच्या डायलिसिसची सुई लावता यावी म्हणून हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन) राखून ठेवा आणि रक्ताचं डायलिसिस की पोटाचं, ते घरात बोलून ठरवा.

माझी काळजी वेगळीच आहे. बाबा रोज सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून एका लाल वहीत लिहितात. परवा वही चाळली. जानेवारीपासून कुठे तारीखच नाही, कुठे एकच आकडा दोनदा, एका पानावर बीपीच्या जागी दुधाचा हिशेब. जेवताना चावायची गोळी ते सकाळच्या चहाबरोबर घेत होते, किती दिवस कोण जाणे. डॉक्टरांनी चित्र काढून अर्धा तास समजावलं, बाबा प्रत्येक वाक्याला "हो, बरोबर" म्हणत होते. रिक्षा बिटको चौकात पोचली आणि मला विचारतात, "हाताचं ऑपरेशन कशाला गं? दुखणं तर किडनीचं आहे ना?" माझ्या पोटात गोळाच आला.

१९८० सालच्या साहेबांची नावं मात्र तोंडपाठ आहेत. शेजारी म्हणतात, वय झालं. पुण्याचा भाऊ म्हणतो, तू सही कर आणि मोकळी हो. मला ते पटत नाही. शरीर त्यांचं आहे. हा किडनीचा परिणाम आहे की विसरण्याचा आजार? आणि डॉक्टरांना सांगितलं तर बाबांना अपमान वाटेल का?

सिन्नरच्या काकू
आमच्या ह्यांना पायाची आग होते म्हणून गॅबापेन्टिन चालू होतं. किडनी कमजोर असली की ते अंगात साठतं म्हणे. माणूस दिवसभर पेंगायचा, बोलता बोलता भलतंच काही बोलायचा. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि आठवड्यात माणूस जागेवर आला. सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, झोपेच्या गोळ्यासुद्धा. आपल्या मनाने काही बंद करू नका.

निवृत्त सिस्टर, पंचवटी
ताई, मी डायलिसिस विभागात बावीस वर्षं काढली. तुम्ही लिहिलंय ते मी कितीतरी बिछान्यांजवळ पाहिलंय. किडनीच्या आजारात पुष्कळदा आठवणींच्या आधी लक्ष टिकवणं, कामाचा क्रम लावणं आणि दोन पर्याय तोलणं ढासळतं. म्हणून जुने साहेब आठवतात आणि गोळीची वेळ चुकते. साखर आणि बीपीने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तशाच मेंदूतल्याही होतात. त्यात रक्तात साठलेली घाण आणि कमी हिमोग्लोबिन. विसरण्याचा दुसरा आजार सोबत असूही शकतो, ते तपासल्याशिवाय कुणी सांगू नये.

डॉक्टरांना जरूर सांगा, आणि ती लाल वही सोबत न्या. तुमच्या दहा वाक्यांपेक्षा तिची दोन पानं जास्त बोलतील. मोका नावाची ३० गुणांची चाचणी असते, दहा-पंधरा मिनिटांत होते, मराठीतही आहे. हिमोग्लोबिन, सोडियम, बी-१२, थायरॉइड बघायला सांगा. इन्सुलिन घेत असतील तर साखर उतरत नाही ना, हेही बघा. किडनी थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि साखर उतरली की माणूस गोंधळतो. कानाने कमी ऐकू येतंय का? मान डोलावणाऱ्यांपैकी कितीजणांना नुसतं ऐकू आलेलं नसतं!

"कळलं का?" असं विचारू नका, उत्तर "हो" च येणार. "मला समजावून सांगा बाबा, काय करायचं ठरलं?" असं विचारा. आणि हे बोलणं आत्ताच होऊ द्या. रक्ताचं डायलिसिस चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठाही कमी होतो, नंतर माणूस गळून जातो. त्या खुर्चीत बसवून मोठे निर्णय विचारलेले मी पाहिलेत, मला कधीच बरं वाटलं नाही.

फिस्टुला तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, तेवढी एक घाई करा. त्या हातावर सुई नको, बीपीचा पट्टा नको.

ओझरकर
आईचं पोटाचं डायलिसिस घरीच करतो. दिवसात चार वेळा पिशवी बदलायची, दर वेळी हात धुणं, मास्क, क्रम चुकला तर पोटात जंतुसंसर्ग. तिला क्रम राहत नाही, म्हणून मी आणि बायको करतो. बुद्धी मंदावली म्हणून हा पर्याय बाद होत नाही, पण घरात कुणीतरी बांधलेलं लागतं.

जेलरोडची लेक
तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे, सिस्टर तुमचे विशेष आभार. मोका चाचणीत ३० पैकी २१ आले. १ वरून अ, मग २, मग आ अशी रेघ जोडत जायची होती. बाबा ३ पर्यंत गेले आणि पेन तसंच धरून बसले. मी दुसरीकडे पाहिलं, त्यांना माझा चेहरा दिसू नये म्हणून. पण ते डॉक्टरांना स्वतःच म्हणाले, "हल्ली असंच होतं. मी कुणाला बोललो नव्हतो." हिमोग्लोबिन ८.७ निघालं, बी-१२ ही कमी. दोन्हीची इंजेक्शनं सुरू झालीत.

रोज सकाळी चहानंतर एकच गोष्ट बोलायची असं ठरवलं. लाल वहीत ती मोठ्या अक्षरात लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगायची. पहिले दोन दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "पोटाच्या पिशव्या चार वेळा कोण बदलणार? तुझी शाळा आहे. मी दवाखान्यात जाईन, आठवड्यातून तीनदा. तिथे चार माणसं तरी भेटतील." भावाला फोन त्यांनीच लावला आणि हेच सांगितलं, त्याच क्रमाने.

फिस्टुलाची तारीख २२ मिळालीय. काल संध्याकाळी बाबांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि उजव्या हातात घालायला बसले. डाव्या हाताने पट्टा लागेना. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे, मला सवय करायचीय."