कोडिंगची सशुल्क एआय साधने कोकणातल्या विद्यार्थ्यांना मिळावीत का?

मूळ लेखन (रत्नागिरी)

आपल्याकडच्या संगणकशास्त्राच्या मुलांना कोडिंगची चांगली एआय साधने परवडत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते पैशाच्याही आधी कागदपत्रे आडवी येतात. गिटहब या कंपनीचे कोड सुचवणारे कोपायलट हे साधन जून 2022 मध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हा त्याचा दर महिना 10 डॉलर होता, परंतु विद्यार्थी असल्याची पडताळणी झालेल्यांना ते तेव्हापासूनच मोफत होते. या पडताळणीसाठी महाविद्यालयाचा ई-मेल पत्ता, किंवा नाव, संस्था आणि तारीख स्पष्ट दिसेल असा पुरावा लागतो. एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या मुलीचे ओळखपत्र मी हातात घेऊन पाहिले. त्यावर नाव फक्त मराठीत होते, वैधतेची तारीख मागे पेनाने लिहिलेली होती आणि वरच्या लॅमिनेशनमुळे फोटोत नेमकी तारखेवरच चकाकी येत होती. त्या मुलीचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. ज्या संस्थांत प्रवेशाबरोबरच ई-मेल पत्ता हाती पडतो, तिथल्या मुलांना हा अनुभव येत नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही शैक्षणिक संस्थांसाठी ई-मेल सेवेची मोफत आवृत्ती आहे, त्यामुळे संस्थेला खर्च येतो तो मुख्यतः डोमेनचा, म्हणजे संस्थेच्या नावाच्या इंटरनेट पत्त्याचा. हे काम प्रत्येक महाविद्यालयाने याच वर्षी करावे, अशी माझी मागणी आहे.

प्रतिसाद 1 (सावंतवाडी, अध्यापन)

मॅडम, ई-मेल पत्ता द्यावा याबद्दल दुमत नाही, पण पहिल्या दोन वर्षांत ही साधने मुलांच्या हाती देण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने आंब्याच्या पेट्यांच्या मागणीची नोंद ठेवणारा प्रकल्प केला होता. एआयने त्याला डेटाबेसची क्वेरी, म्हणजे साठवलेली माहिती मागणारी आज्ञा, बरोबर लिहून दिली होती, म्हणजे मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवून मूल्ये वेगळी पाठवली होती. ती प्रश्नचिन्हे कशासाठी आहेत हे न कळल्यामुळे त्याने ती काढली आणि ग्राहकाचे नाव थेट आज्ञेच्या वाक्यात जोडले. तोंडी परीक्षेत मी डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत, डीनंतरच्या अपॉस्ट्रॉफीसह टाकायला सांगितले आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळला, कारण आज्ञेत ते चिन्ह नाव संपल्याची खूण ठरते. आमच्या भागात हे आडनाव घरोघरी आहे. कोसळण्याचे कारण तर त्याला सांगता आले नाहीच, पण त्याच वाटेने कोणीही प्रकल्पातला सगळा डेटा पुसू शकतो, हेही त्याच्या गावी नव्हते. योग्य उत्तर हाती असूनही ते ओळखता येत नसेल, तर महागडे साधन देऊन काय साधणार?

धागाकर्ती

सर, उदाहरण अगदी नेमके आहे, पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढते. ही प्रश्नचिन्हे कशासाठी, असे त्याने त्याच साधनाला विचारले असते तर त्याला कारण कळू शकले असते. तसे विचारायची सवय आपणच लावायला हवी. शिवाय बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड आहे तो वर्गणी भरून हे साधन वापरणारच; तुमची बंदी पाळेल ती जिच्याकडे दुसरा मार्ग नाही तीच मुलगी.

प्रतिसाद 2 (चिपळूण, सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी)

मी सावंतवाडीच्या सरांच्या बाजूने आहे, मात्र माझे कारण निराळे आहे. या साधनांनी वेग वाढतो हे सगळे जण गृहीतच धरतात. मीटर (METR) या संशोधन संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्याच प्रकल्पांतली 246 कामे देऊन हे मोजले, तेव्हा एआय वापरताना त्यांना सरासरी 19 टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही आपण 20 टक्क्यांनी जलद झालो, असे त्यांना वाटत होते. हा अभ्यास विद्यार्थ्यांवर झालेला नाही, हे मान्य. पण इतक्या जाणत्या लोकांचा अंदाज चुकतो, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण शिकतो आहोत की नुसते पुढे ढकलतो आहोत हे कसे कळावे? दुसरे असे की मोफत सवलत कंपनीच्या मर्जीवर चालते. ती संपली की हात थांबतो, आणि तोवर सवय लागलेली असते.

प्रतिसाद 3 (गुहागर, विद्यार्थी)

सवलतीच्या भरवशावर न राहण्याचा एक मार्ग आहे. क्वेन 2.5 कोडरसारखी, कोणालाही उतरवून घेता येणारी खुली एआय मॉडेल ओलामा हा प्रोग्रॅम वापरून स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतात. 7 अब्ज पॅरामीटरच्या, म्हणजे शिकताना ठरलेल्या तितक्या आकड्यांच्या, मॉडेलची फाइल पाच जीबीच्या आतबाहेर असते. ती एकदा उतरवली की पावसाळ्यात नेट गेले तरी काम अडत नाही. 8 जीबी रॅमवर ते रेंगाळत चालते, पण चालते. सशुल्क साधनांइतके हुशार ते नाही, त्यामुळे त्याच्या चुका आम्हालाच शोधाव्या लागतात.

धागाकर्ती

गुहागरच्या मित्राचे म्हणणे प्रयोगशाळेसाठी मी आनंदाने स्वीकारते. निदान एका संगणकावर असे मॉडेल प्रत्येक महाविद्यालयात असावे. चिपळूणच्या सरांचा आक्षेप मात्र मला पूर्ण पटत नाही. जे अनुभवी लोक स्वतःच्या प्रकल्पातली खाचखळगे आधीच जाणतात, त्यांचे मोजमाप नवशिक्यांना तसेच्या तसे लावता येणार नाही. आपापल्या महाविद्यालयाशी बोलू शकणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. ई-मेल पत्ते मिळेपर्यंत, मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला संस्थेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत छापलेल्या पूर्ण नावाचे, चालू वर्षाचे आणि तारखेचे बोनाफाईड प्रमाणपत्र द्यावे, आणि त्यावर लॅमिनेशन करू नये.