गोल्फमधला स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) जात नाही. कॅनेडियन गोल्फर मो नॉर्मनसारखा स्विंग शिकावा का?

येरवडा_बोगी:
नमस्कार मंडळी. वय ५४, हँडिकॅप २२, म्हणजे खेळ बेताचाच. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर शनिवार-रविवार खेळतो. ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) हातात घेतला की चेंडू उजवीकडच्या झाडांत जाणार हे कॅडी आधीच ओळखतो आणि तिकडे चालायला लागतो. खांदा, कंबर, मनगट, सगळं शिकवून झालंय. आता चेंडूसमोर उभं राहिलं की डोक्यात सूचनांची यादीच सुरू होते. हल्ली मो नॉर्मनचे सिंगल प्लेन स्विंगचे व्हिडिओ बघतोय. फार सोपं दिसतं हो. या वयात जमेल? की नुसतं खूळ?

किचनरकर:
मी नॉर्मनच्याच गावात राहतो, कॅनडात ओंटारिओमधल्या किचनरला. रॉकवे हा इथला महापालिकेचा कोर्स, नॉर्मन तिथलेच. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं कॅनेडियन अमॅच्युअर स्पर्धा जिंकली. इथले जुने खेळाडू त्यांचा विषय निघाला की घरी जायचं विसरतात.

आता मुद्द्याचं. आपण चेंडूसमोर उभे राहतो तेव्हा हात खाली लोंबतात आणि हात आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) यांत कोन असतो. फटका बसताना हात वर येतात, शाफ्ट अधिक उभी होते. म्हणजे उभं राहण्याची रेषा एक, फटक्याची दुसरी. नॉर्मन सुरुवातीलाच हात उंच आणि लांब धरून, हात आणि शाफ्ट एका रेषेत ठेवून उभे राहायचे, हेच सिंगल प्लेन. पाय चांगलेच फाकलेले, क्लबचं डोकं चेंडूच्या बरंच मागे. जिथून निघाले तिथेच परत यायचं, मध्ये दुरुस्ती कमी. सोपेपणा आहे तो इथे.

पण तुमच्यासाठी यात एक खोच आहे. नेहमीचे क्लब घेऊन हात उंच केलेत तर क्लबच्या डोक्याची टाच (दांड्याकडची बाजू) उचलली जाते, टोक जमिनीला टेकतं, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उजवीकडे बघायला लागतो. आयर्नमध्ये (धातूच्या पातळ डोक्याचे क्लब), त्यातही जास्त लॉफ्टच्या, म्हणजे फेस जास्त तिरका असलेल्या, हे जास्त जाणवतं. आधीच स्लाइस, त्यात ही भर! उभं राहणं बदलायचं तर क्लबची लायही (दांड्याचा जमिनीशी कोन) तपासावी लागते. असाच स्विंग करणाऱ्या गोल्फर ब्रायसन डीशँबोच्या आयर्नची लाय उगाच इतकी उभी नाही.

म्हणून आधी फेसचं बघा. चेंडू मुख्यतः फेस जिकडे असेल तिकडे निघतो. फेस आणि स्विंगची वाट यांत फरक असला की वळतो. खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसते का? मग ग्रिप (पकड) बदला, हात उजवीकडे फिरवा, दोन-तीन दिसू द्या. सात नंबरचं आयर्न घ्या, छोट्या टीवर (खुंटीवर) चेंडू ठेवा, डावा हात जमिनीला समांतर झाला की तिथूनच परत या. ड्रायव्हर गाडीतच राहू दे.

चेंबूर_नाइन:
किचनरकरांशी सहमत, पण "सोपा दिसणारा" म्हणजेच "चांगला" असं समजू नका. अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग बघा. वर जाताना एक वाट, खाली येताना भलतीच. तरी २००३चं यूएस ओपन त्यांचं, आणि २०१६मध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत एका फेरीत ५८ फटके! फटक्याच्या क्षणी फेस सरळ, बाकी काय वाट्टेल ते. साधेपणा बघायचाच तर स्टीव्ह स्ट्रिकर बघा, मनगटाची वळवळ जवळपास नाहीच. पाठ कुरकुरत असेल तर पाय फाकवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

येरवडा_बोगी:
गाठ एकच दिसते! प्रोनं, म्हणजे माझ्या प्रशिक्षकानं, हे सांगितलं असणार, माझ्या यादीत खाली कुठेतरी गेलं. लाय तपासायची कशी? घरी होईल?

किचनरकर:
होईल. सोलवर (क्लबच्या तळाला) टेप लावा, कडक फळीवरून मारा. खूण टोकाकडे आली तर क्लब तुम्हाला सपाट पडतोय, टाचेकडे आली तर जास्त उभा. फोर्ज्ड (घडीव) आयर्न एक-दोन अंश वाकवून मिळतात. कास्ट (ओतीव) असतील तर वाकवायला देण्याआधी विचारा, मोडू शकतात. तुमचे कुठले आहेत?

येरवडा_बोगी:
कास्ट. मग आधी ग्रिपच.