हिमनदीच्या कडेला जुन्या विमानाचे अवशेष सापडले आहेत, पुढे काय करावं? (मदत हवी आहे)

मंडळी, विषय नाजूक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं एका उंचावरच्या ट्रेकवर होतो. कुठे, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येईलच. नेहमीची वाट ओढ्याने कापून नेली होती. म्हणून हिमनदीच्या कडेच्या मोरेनवरून, म्हणजे बर्फाने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगावरून, वळसा घेतला. दगडांत एक पत्रा चमकला. हातात घेतला तर वजनच लागेना. दोन तळहातांएवढा तुकडा, एका बाजूने कागद फाडावा तसा फाटलेला. कडेने रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, सरळ रांग, आणि प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध, टाचणीने टोचल्यासारखा बारीक खळगा. आतल्या बाजूला पिवळट हिरवा रंग, आणि रंग नव्हता तिथे पुसट शाईत छापलेली अक्षरं: ‘अल्क्लॅड २४ एस-टी’.

पुढच्या पन्नासेक पावलांत आणखी बरंच दिसलं. वाकलेल्या नळ्या, पट्ट्याचं बक्कल, बाहेरून पातळ चकत्या-चकत्यांचं एक जड सिलिंडर, मोटरसायकलच्या इंजिनाला असतं तसं पण कितीतरी मोठं. आणि मग एका बुटाचा तळ. चामडं आक्रसलेलं, टाचेचे खिळे मात्र जागच्या जागी. तिथे आम्ही थांबलो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

काठी शेजारी ठेवून फोटो काढले, जीपीएसवर जागा नोंदवली, वस्तू होत्या तिथेच ठेवल्या. एक सोडून. आमच्यातल्या एकाने अंगठ्याएवढी धातूची पाटी खिशात टाकली, तिच्यावर आकडे ठोकलेले आहेत. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. “दगडाखाली गेली तर पुन्हा कुणाला दिसायची नाही,” असं तो म्हणाला. मी तेव्हा अडवलं नाही. आता ती पाटी त्याच्या टेबलाच्या खणात आहे आणि माझ्या मनातून ती जात नाही.

परत आल्यापासून जे मिळेल ते वाचते आहे. लाहौलमधल्या ढाका हिमनदीचं वाचलं. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ हे मालवाहू विमान १०२ जणांसह चंदिगडहून लेहला निघालं, खराब हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या परिसरात बेपत्ता झालं. अवशेष दिसले ते २००३ मध्ये, गिर्यारोहकांना. आणि २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, तिथून आणखी चौघांचे मृतदेह खाली आणले गेले. हे वाचल्यावर तो बूट नुसता ‘अवशेष’ म्हणून डोक्यात ठेवणं मला जमेना. कुणाच्या तरी घरी अजून त्याची वाट बघणारं कुणी असेल.

तर मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. त्या पत्र्यावरून आणि रिव्हेटवरून विमान कोणत्या काळातलं, काही कळतं का? कळवायचं कुणाला, आणि कसं, म्हणजे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहणार नाही? आणि ती पाटी परत त्याच जागी नेऊन ठेवावी का? जागा उघड लिहीत नाही, कारण अशा ठिकाणी आठवण म्हणून तुकडे उचलणारे लोक पोचतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. जाणकारांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद

ताई, जागा लिहिली नाहीत हे फार बरं केलंत. मी बरीच वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं आहे, तेवढ्यापुरतं सांगतो.

‘२४ एस’ हे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं जुनं नाव. १९५४ मध्ये अमेरिकेत चार आकडी पद्धत आली आणि हाच धातू २०२४ म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे पत्रा त्याआधीच्या काळातला असण्याची शक्यता खूप. विमान कोसळलं मात्र पुढे कधीही असू शकतं, जुनी विमानं दोन-दोन दशकं उडत राहिली. रिव्हेटवरचा खळगाही महत्त्वाचा आहे. ती अमेरिकन प्रमाण पद्धतीतल्या २११७ मिश्रधातूच्या रिव्हेटची खूण. आतला पिवळट हिरवा रंग झिंक क्रोमेटचा असावा, गंज रोखायला लावत तो.

पण यावरून विमान अमेरिकेचंच होतं असं धरू नका. डाकोटा या दोन इंजिनांच्या जुन्या वाहतूक विमानाची लष्करी आवृत्तीच दहा हजारांच्या वर बनली आणि कित्येक देशांच्या दलांनी ती वापरली. चकत्यांचं सिलिंडर म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन. फोटोंपैकी एखाद्यात सिलिंडरं गोलाकार बसवलेली दिसतात का पाहा. डाकोटाच्या इंजिनात दोन ओळींत मिळून १४ असतात. तेवढी मोजता आली तरी शोध बराच आवळतो.

पाटीबद्दल: तिच्यावरचा क्रमांक भागाचा आहे की त्या एका नगाचा अनुक्रमांक, हे आधी बघा. भागाच्या क्रमांकावरून विमानाचा प्रकार कळतो, नेमकं कोणतं विमान ते कळत नाही. अनुक्रमांक इंजिनाचा निघाला तर जुन्या नोंदींत माग लागू शकतो. तिथेही एक अडचण असतेच. इंजिनं एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवतात.

तुमच्या मित्राला आजच फोन करा. पाटी घासायची नाही, लिंबू नाही, चिंच नाही, पितळेची पॉलिश नाही. ठोकलेले आकडे उथळ असतात आणि घासताना आधी तेच जातात. कोरड्या मऊ कापडात गुंडाळून ठेवायची, बस्स.

प्रतिसाद

मी गिर्यारोहणाच्या बाजूने लिहिते. पाटी परत नेऊन ठेवू नका. तिची मूळ जागा आता हलली, आणि हिमनदी स्वतःही हलते. लेखी नोंदीसह अधिकाऱ्यांच्या हवाली करा: कुठे होती, कोणत्या बाजूने दिसली, शेजारी काय होतं, कोणी उचलली. उचलली हे लपवू नका. जीपीएसच्या आकड्यांसोबत तारीख लिहायला विसरू नका. बर्फावरचा तुकडा पुढच्या वर्षी त्याच आकड्यांवर सापडेल याची खात्री नसते.

बर्फ काय करतं ते स्टार डस्टच्या गोष्टीत नीट दिसतं. २ ऑगस्ट १९४७ ला हे ब्रिटिश विमान ११ जणांसह ब्युनॉस आयर्सहून सँटियागोला जाताना अँडीजमध्ये नाहीसं झालं. १९९८ मध्ये दोन गिर्यारोहकांना तुपुंगातो शिखराखालच्या हिमनदीवर रोल्स-रॉईस मर्लिन इंजिन सापडलं. २००० मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याची तुकडी वर गेली, तेव्हा मिळालेल्या एका चाकात अजून हवा होती. जोराचा उलटा वारा असताना आपण डोंगररांग ओलांडली असा वैमानिकांचा समज झाला आणि त्यांनी उंची कमी केली, असं मानतात. हिमकड्याने गाडलेलं विमान बर्फाच्या पोटातून पन्नास वर्षं खाली सरकत आलं. म्हणून तुम्हाला सापडलं ती जागा विमान आदळलं त्या जागेच्या बरीच खाली असू शकते. तक्रारअर्जात ‘अपघाताची जागा’ लिहू नका, ‘अवशेष दिसले ती जागा’ लिहा.

आणि एका डोंगरावर एकाहून जास्त विमानं असू शकतात. आल्प्समधल्या माँ ब्लाँवर एअर इंडियाची दोन विमानं आदळली: १९५० मध्ये मलबार प्रिन्सेस, ४८ जण, आणि २४ जानेवारी १९६६ ला कांचनजंगा, ११७ जण. होमी भाभा दुसऱ्यात होते. तिथली बोसाँ हिमनदी दोन्हींचं सामान अजून खाली आणून देते. एक पंख्याच्या इंजिनांचं, एक जेट, म्हणून निदान इंजिनाचा तुकडा मिळाला की वेगळं करता येतं. तिथेच २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी सापडली, ती त्याने सरळ पोलिसांकडे नेऊन दिली. २०२१ मध्ये त्यातला अर्धा वाटा कायद्याने त्याला मिळाला. तुमच्या मित्राला हे जरूर सांगा.

पुन्हा वर जाणार असाल तर कशालाही हात लावू नका. लष्करी विमानात दारूगोळा असू शकतो, ऑक्सिजनच्या टाक्या असू शकतात. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक कधीच गेलेली असते, किरणोत्सर्ग जात नाही. रेडियमचं अर्धायुष्यच सुमारे १६०० वर्षांचं आहे.

कळवायचं कुणाला, तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात, लेखी, आणि पोच घ्या. मानवी अवशेषांची शक्यता पहिल्याच ओळीत लिहा, त्याने अर्जाचं वजन बदलतं. त्याची प्रत त्या देशाच्या हवाई दलाला आणि नागरी विमान वाहतूक खात्याला. नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने कोसळलेल्या प्रत्येक लष्करी विमानाची जागा आपोआप संरक्षित आहे, परवान्याशिवाय खोदणंही गुन्हा. तिथे ब्लीकलोच्या पठारावर १९४८ मध्ये पडलेल्या बी-२९ या अमेरिकन बॉम्बर विमानाचे अवशेष अजून उघड्यावर आहेत. १३ जण गेले होते. लोक चालत जातात, लाल फुलं ठेवतात, परत येतात.

प्रतिसाद (धागाकर्ती)

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मित्राशी बोलले. त्याने पाटी पुसलीसुद्धा नव्हती, तशीच मातीसकट रुमालात होती. आम्ही दोघांनी भिंगाखाली पाहिली. वरच्या ओळीत अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक क्रमांक आहे, आणि खाली वेगळ्या हाताने ठोकलेले, थोडे तिरके, पाच आकडे. तो अनुक्रमांक असावा असं मला वाटतं. पहिल्या प्रतिसादातल्या दादांना फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवते आहे.

सिलिंडरं मोजायचा प्रयत्न केला. एका फोटोत पाच दिसतात, बाकीची दगडांखाली आहेत.

अर्ज लिहून झाला. ‘अवशेष दिसले ती जागा’ असंच लिहिलं, आणि बुटाचा उल्लेख पहिल्या ओळीत घेतला. बुटाचा फोटो मात्र मी फक्त अर्जासोबत जोडणार आहे, इथे किंवा आमच्या ट्रेकच्या गटात टाकणार नाही. गटात आधी एकाने टाकला होता, तो काढायला लावला.

एकच विचारायचं राहिलं. सोमवारी आम्ही चौघंही ठाण्यात जाणार आहोत. पाटी त्याच वेळी जमा करावी, की कुणी अधिकारी ताब्यात घ्यायला येईपर्यंत आपल्याकडे ठेवून पंचनाम्यात द्यावी? असा अनुभव कुणाला असेल तर सोमवारच्या आत लिहा.