नुर्बुर्गरिंग : बाबांना घेऊन जायचंय, भाड्याची गाडी ट्रॅकवर घालावी का?

जाणकारांची मदत हवी आहे. सध्या कामानिमित्त जर्मनीत कोलोनला असतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. आईला ऱ्हाइनची बोट पुरेशी आहे, बाबांचा हट्ट एकच : नुर्बुर्गरिंग, म्हणजे इथला मोटारशर्यतींचा ट्रॅक. तोही १९२७ सालचा जुना नॉर्डश्लायफं, आयफेल डोंगरांतल्या जंगलातून वर-खाली जाणारा २०.८ किलोमीटरचा. शेजारचा नवा छोटा ट्रॅक त्यांच्या खिजगणतीत नाही. १ ऑगस्ट १९७६ ला फॉर्म्युला वनवाल्या निकी लाउडाची फेरारी जिथे पेटली ती जागा बघायचीय. त्याला आगीतून ओढून काढणाऱ्या चौघांची नावं बाबांना अजून तोंडपाठ आहेत.

शर्यत नसते तेव्हा ट्रॅक सगळ्यांना खुला असतो, तिकीट काढून आपली गाडी घालता येते, असं वाचलं. मी भाड्याची साधी हॅचबॅक घेणार आहे. एक फेरी सावकाश मारली तर चालेल का? बाबांच्या गुडघ्यांना फार चाल झेपत नाही. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

भाड्याची गाडी अजिबात नको. करारातला बारीक मजकूर वाचा, रेसट्रॅकवर न्यायला बहुधा मनाई असते. म्हणजे काही झालं तर विमा गेला. कठडा वाकला तर त्याचं बिल, गाडी ओढून नेण्याचं बिल, सगळं चालकाच्या माथी.

'सावकाश' हीच खरी अडचण आहे. पब्लिक फेऱ्यांच्या वेळी हा एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. उजवी बाजू धरून चालवायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून. आपला हात भारतात बसलेला, त्यामुळे आरशात मागून सुसाट पोर्शे दिसली की गडबडीत गाडी डावीकडेच जाते, म्हणजे नेमकी तिच्या वाटेत! शिवाय ७३ वळणं, त्यातली कित्येक चढामागे लपलेली.

हौसच असेल तर अनुभवी चालकाच्या शेजारी बसून फेरी विकत घेता येते. बाबांना ती द्या. अपघाताची जागा बर्गवेर्क वळणाच्या जरा आधी आहे, त्या डाव्या वाकणाला आता लाउडाचंच नाव आहे. गाडीतून क्षणात मागे पडते, तेव्हा चालकाला आधी सांगून ठेवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर ट्रॅकलगतची ब्रुन्शेन ही जागा गाठा. पार्किंगपासून दोन पावलांवर गवताचा उतार, समोर उतरून पुन्हा चढणारी वळणं, बघायला तिकीट नाही. घडीची खुर्ची न्या. कारुसेल हे वळण मात्र जंगलातून चालत गाठावं लागतं. तिथे गाड्या आतल्या तिरक्या काँक्रीटच्या पट्ट्यात उतरतात आणि सांध्यांवरून धडधडत बाहेर पडतात. तो आवाज व्हिडिओत येत नाही. बाबांना जमलं तरच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गाडीचा बेत रद्द, शेजारी बसायची फेरी बघतो. शनिवारी जावं की आठवड्यातल्या संध्याकाळी?

प्रतिसाद १

आधी ट्रॅकच्या साइटवरचं वेळापत्रक बघा, बऱ्याच दिवशी तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी राखलेला असतो. बघायला मजा वीकेंडला, पण गर्दीही तेव्हाच. अपघात झाला की ट्रॅक बंद करतात, म्हणून हाताशी वेळ ठेवा. आईंसाठी नुर्बुर्गचा पडका किल्ला जवळच आहे. आणि जॅकेट न्याच, आयफेलमध्ये ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्याला पाऊस असं सर्रास होतं.