पोर्तुगालच्या दाऊं प्रांतातील वाइन: ओळख करून घ्यायची आहे

टिळकवाडीकर (बेळगाव):
सर्वांना नमस्कार. चोर्ला घाटमार्गे गोव्याला माझे नेहमी जाणे-येणे असते आणि तेथील दुकानांत पोर्तुगीज वाइनच्या बाटल्या दिसतात. मात्र गोड पोर्ट आणि हलकी विन्यो व्हेर्द यांपलीकडे माझी ओळख नव्हती. अलीकडे पणजीत 'दाऊं' असे नाव असलेली एक रेड वाइन चाखली. तिच्यात गोडवा अजिबात नव्हता, किंचित आंबटपणा होता आणि पेला थोडा वेळ तसाच ठेवल्यावर जांभळासारखा वास येऊ लागला. ती मला मनापासून आवडली. हा प्रांत कसा आहे, पुढे तेथील काय घ्यावे आणि आपल्या जेवणाबरोबर ती चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खानापूरकर:
दाऊं हा पोर्तुगालच्या मध्य-उत्तर भागातील, व्हिझेऊ शहराभोवतीचा डोंगराळ प्रांत आहे. एका बाजूला सेरा दा एस्त्रेला, दुसऱ्या बाजूला कारामुलो अशा रांगांनी तो वेढलेला असल्यामुळे अटलांटिकवरून येणारा दमटपणा आणि स्पेनच्या बाजूची होरपळ या दोन्हींपासून त्याचा बराच बचाव होतो. जमीन मुख्यतः ग्रॅनाइटची आणि निचऱ्याची आहे. पाइनच्या जंगलात मध्येमध्ये द्राक्षांचे लहान तुकडे, असे तेथील दृश्य असते.

प्रांताचे सीमांकन 1908 मध्येच झाले होते, तरीही तो मागे का पडला, याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, 1940 च्या दशकात, शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेण्याचा हक्क व्यवहारात सहकारी संस्थांकडे एकवटला. खासगी व्यापाऱ्यांना तयार वाइन विकत घ्यावी लागे, त्यामुळे बागेपासून बाटलीपर्यंत एकाच माणसाने लक्ष घालावे अशी सोयच उरली नाही आणि दाऊंची वाइन रुक्ष म्हणून ओळखली जाऊ लागली. पोर्तुगाल 1986 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेल्यानंतर ही मक्तेदारी मोडली. आज ज्या बाटल्यांचे कौतुक होते, त्यांतील बहुतेक त्यानंतरच्या काळातील आहेत.

अथणीचा बागायतदार:
आपण म्हणता तो आंबटपणा हेच या वाइनचे बळ आहे, आणि द्राक्षे पिकवणाऱ्याला त्याचे कारण लगेच कळेल. आपल्याकडे वेलीला हिवाळी विश्रांती मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करावी लागते. घड तयार होतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. दाऊंमध्ये वेल थंडीत झोपते, छाटणी एकदाच होते आणि मणी पिकतात ते सप्टेंबरच्या आसपास, ऊन उतरू लागलेले असताना. त्यातच बागा बहुतेक 400 ते 500 मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री गार असतात आणि मण्यातले आम्ल टिकून राहते. केवळ उंचीने हे साधत नाही, हेही लक्षात घ्यावे. बेळगाव शहर त्याहून उंचावर आहे.

वाणांपैकी तोरिगा नासिओनाल सर्वांत नावाजलेला, लहान मण्यांचा आणि जाड सालीचा. आल्फ्रोशेइरू रंग देतो, तर झाएन मवाळ असतो. मात्र मला विचाराल तर व्हाइटमधील एंक्रुझादो आधी घ्यावी. तिच्याकडे लोक उगाचच दुर्लक्ष करतात. ही व्हाइट वाइन काही वर्षे ठेवली तरी उतरत नाही, उलट खुलते.

शहापूरवाली:
जेवणाबाबत माझा अनुभव सांगते. मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर तुरट, जड रेड घेतली की तिखट आणखी झोंबते, म्हणून तेथे झाएनचे प्रमाण जास्त असलेली हलकी बाटली निवडावी आणि उन्हाळ्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. तोरिगा सुक्या मटणाबरोबर अधिक शोभते. रवा लावून तळलेल्या सुरमईबरोबर एंक्रुझादोसारखी जोड मी तरी दुसरी पाहिलेली नाही. त्याच डोंगराळ मुलखात मेंढीच्या दुधाचे सेरा दा एस्त्रेला चीज होते, जे रेनेटऐवजी (प्राण्यांच्या जठरातून मिळणारा, दूध गोठवणारा पदार्थ) एका काटेरी वनस्पतीच्या फुलांनी विरजतात. कोठे मिळाले तर वाइनबरोबर अवश्य खावे.

टिळकवाडीकर:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाटलीवर 'गार्राफेइरा' लिहिलेले दिसते, त्याला जादा पैसे द्यावेत का?

खानापूरकर:
रेड वाइनवर तो शब्द असेल, तर ती किमान 30 महिने, त्यांपैकी 12 महिने बाटलीत, मुरवलेली असते. सुरुवातीला साधी, ताजी बाटलीच घ्यावी, म्हणजे फळाची मूळ चव कळेल आणि पुढे मुरलेल्या वाइनमधला फरक ओळखता येईल. बाटल्या घरी आणणार असाल तर गोवा आणि कर्नाटक यांचे अबकारी नियम वेगळे आहेत, तेव्हा परवान्याची चौकशी दुकानातच करून घ्यावी.