लिहू द्या, पण आतलं लिहा

‘निवृत्त नगरसेवकानं आता लेखणी उचलून लोकांना जागं करणं म्हणजे उशिरा सुचलेलं शहाणपण’ असा सूर ऐकू येतो, तो मला अर्धाच पटतो, भाऊ. खुर्चीत असताना गप्प का होते, हे जरूर विचारा. पण त्यांना जे ठाऊक आहे ते आपल्याला कुठं ठाऊक आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून तीन लाख व त्यावर लोकवस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजे वॉर्डांचा कारभार पाहणाऱ्या नगरसेवकांच्या समित्या, बंधनकारक झाल्या. नागपुरात मनपाचे झोन, म्हणजे विभाग, दहा. झोन ऑफिसात टॅक्स भरण्यापलीकडे काय मागता येतं, किती जण सांगतील? मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा गडरलाइनची (सांडपाण्याच्या लाइनची) तक्रार न्यायची कुणाकडे हेच कळेना ना बाप्पा!

म्हणून त्यांनी सत्कार, आठवणी, कुणी कुणाला पाडलं हे सोडावं. (वाचायला मजा येते, ते वेगळं.) अंदाजपत्रकात रस्त्याचं काम शिरतं कसं, फाइल अडते कुठं, खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत काय ठरतं, माहिती अधिकारात नेमकी कोणती कागदपत्रं मागायची, हे लिहावं. अंदाजपत्रकावर लेख आला तर झेरॉक्स काढून आमच्या लेआउटमध्ये मीच वाटीन.